पपईवरील पिठ्या ढेकूण: कीड आली कुठून आणि तिचा शत्रू आणला कोणी?

पपईच्या पानामागे, शेंड्यात किंवा फळाच्या देठाशी कापूस चिकटवल्यासारखा पांढरा थर दिसला, की आपला पहिला फोन कृषी सेवा केंद्राला जातो. ‘औषध कोणते मारू?’ प्रश्न चुकीचा नाही. मात्र या किडीच्या बाबतीत पंप उचलण्याआधी एक काम करायचे असते. भिंग घेऊन त्या पांढऱ्या थरात नीट पाहायचे. त्यात काही ढेकूण तपकिरी, फुगीर आणि टणक झालेले दिसले, काहींच्या पाठीवर बारीक गोल छिद्र दिसले, तर फवारणी थांबवा. तुमच्या बागेत एक मित्रकीटक आधीच कामाला लागला आहे.

हा मित्रकीटक म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही लहान असलेली पिवळसर गांधीलमाशी. शास्त्रीय नाव असेरोफॅगस पपयी. तिचे मूळ घर मेक्सिको. २०१० मध्ये ती पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून रीतसर परवानगी काढून बेंगळुरूला आणली गेली आणि तिथून तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्रातल्या बागांत सोडली गेली. ती दुकानात बाटलीत मिळत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल शेतकऱ्याला फारसे कोणी सांगतही नाही. म्हणून कीड व्यवस्थापनासोबत तिची हकिकतही इथे देत आहे. नवी कीड शिवारात शिरली, तर किती देशांतल्या आणि किती वेगवेगळ्या कामांच्या माणसांना एकमेकांची गरज पडते, आणि त्या साखळीत शेतकऱ्याची व कृषी सहायकाची जागा कुठे असते, हे या एका उदाहरणातून चांगले कळते.

कीड कशी ओळखावी?

मादी साधारण दोन मिलिमीटर लांब, पिवळसर, अंगावर पांढरी मेणचट पावडर. तिला पंख नसतात. पंख फक्त नराला असतात. मादी कापसासारख्या पिशवीत शंभरापासून सहाशेपर्यंत अंडी घालते. साधारण दहा दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. ही नुकती बाहेर पडलेली पिल्लेच खरी पसरतात. वारा, मुंग्या, मजुरांचे कपडे, फळांचे क्रेट, रोपवाटिकेतली रोपे, सगळ्यांतून त्यांचा प्रवास होतो. ढेकूण रस शोषतात, शेंडा आकसतो, पाने पिवळी पडून वाकडी होतात, लहान फळे गळतात. अंगातून चिकट गोड द्रव पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. फळावर थर बसला की व्यापारी माल हातात घेत नाही.

ही कीड केवळ पपईवर राहत नाही. तुती, टॅपिओका, वांगी, कापूस, पेरू, जास्वंद, इतकेच काय, बांधावरचे गाजरगवतही तिला चालते. त्यामुळे बाग काढून टाकली तरी कीड गेली असे होत नाही.

एक साधी खूण आहे. हे ढेकूण स्पिरिटमध्ये टाकले, की काही वेळाने निळसर काळे पडतात. पण एवढ्यावरून जात ठरवू नये. पिठ्या ढेकणांच्या अनेक जाती डोळ्यांना सारख्याच दिसतात. द्राक्षावरचा वेगळा, कापसावरचा वेगळा, पपईवरचा वेगळा. नक्की जात ठरवायला मादीची काचपट्टी तयार करून सूक्ष्मदर्शकाखाली तिची छिद्रे, केस आणि मेण सोडणाऱ्या नळ्या पाहाव्या लागतात. हे काम करणारी माणसे जगभरात मोजकीच आहेत.

माझी चूक

भारतात ही कीड प्रथम जुलै २००८ मध्ये कोइमतूरला आढळली. पुढच्या दोन वर्षांत तमिळनाडूत पपई, तुती आणि टॅपिओका या तिन्ही पिकांत हाहाकार झाला. तुतीच्या पानांवर ढेकूण आले की रेशीम अळ्यांना पाला घालता येत नाही आणि कीटकनाशक मारले तर त्याच पाल्याने अळ्या मरतात. रेशीम उत्पादक दोन्हीकडून अडकले. तिथून कीड कर्नाटक, केरळ करत २०१० पर्यंत पुणे भागात पोचली.

त्या वेळी मी नोकरीत तशी नवीच होते. पुणे जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने मला बागेवर बोलावले. अडीच एकर तैवान पपई, पहिला तोडा महिनाभरावर आलेला. मी पांढरा थर पाहिला, ‘मिलीबग आहे’ म्हणाले आणि कापसावर जे सांगत होतो तेच कीटकनाशक लिहून दिले, सोबत स्टिकर. दहा दिवसांनी दुसरे. मग तिसरे. शेतकरी म्हणाले, ‘‘मॅडम, औषधाचा वास आठ दिवस राहतो, ढेकूण मात्र चौथ्या दिवशी परत.’’ त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. मेणामुळे औषध अंगाला लागत नाही, पिशवीतली अंडी सुरक्षित राहतात आणि जे काही परभक्षी कीटक तिथे होते ते आधी मरतात. चार फवारण्यांनंतर त्यांनी झाडे तोडून काढली.

औषध चुकले यापेक्षा मोठी चूक वेगळीच होती. मी नमुना कुठेही पाठवला नाही. ही नेमकी कोणती जात आहे, हा प्रश्नच मला पडला नाही. माझ्या वहीत त्या भेटीची नोंद अजून आहे: ‘मिलीबग, तीव्र प्रादुर्भाव’. जात रिकामी.

नावातून पत्ता मिळतो

कीटकाच्या लॅटिन नावाची आपण थोडी चेष्टा करतो. पण नाव म्हणजे त्या किडीच्या घराचा पत्ता असतो.

पपईवरच्या या ढेकणाचे नाव पॅराकोकस मार्जिनेटस. ते १९९२ मध्ये दिले गेले. देणारे दोघे होते, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे डग्लस विल्यम्स आणि अर्जेंटिनाच्या ग्रानारा दे विलिंक. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पिठ्या ढेकणांचा दोघांनी मिळून ग्रंथ केला, त्यात ही जात प्रथम वर्णन झाली. त्यांच्यापुढे होते मेक्सिकोत १९५५ पासून गोळा होऊन संग्रहालयात पडलेले नमुने. तेव्हा या किडीने कोणाचे काही बिघडवले नव्हते. कोणी विचारले असते, की या निरुपयोगी ढेकणाचे वर्णन कशाला, तर उत्तर देणे अवघड गेले असते.

उत्तर दोन-तीन वर्षांतच मिळाले. ही कीड कॅरिबियन बेटांवर पसरू लागली आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात पोचली. पुढे प्रशांत महासागरातली ग्वाम, पलाऊ, हवाई ही बेटे, मग इंडोनेशिया, भारत, श्रीलंका. प्रत्येक ठिकाणी तिने धुमाकूळ घातला, आणि मेक्सिकोत मात्र ती पूर्वीसारखीच किरकोळ राहिली. याचा अर्थ सरळ होता. मेक्सिकोत तिला खाणारे कोणीतरी आहे आणि तिच्या प्रवासात ते मागे राहिले आहे.

२००८ मध्ये इंडोनेशिया आणि भारतातली कीड म्हणजे तीच, हे पुढे आणण्यात डॉ. आर. मुनिअप्पन यांचा मोठा वाटा आहे. भारतीय वंशाचे हे कीटकशास्त्रज्ञ तेव्हा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातून अनेक देशांचा एकात्मिक कीड व्यवस्थापन कार्यक्रम चालवत होते. त्याआधी ते बरीच वर्षे ग्वाम विद्यापीठात होते, आणि ग्वामने ही कीड आपल्या सहा वर्षे आधी पाहिली होती. ज्याने एकदा आग विझवलेली पाहिली आहे, त्याला धूर लवकर ओळखू येतो.

नाव चुकले तर काय होते, याचे उदाहरण आफ्रिकेतले आहे. १९७० च्या दशकात तिथे कसावावर, म्हणजे आपल्या टॅपिओकावर, एक नवा पिठ्या ढेकूण आला. कसावा हे तिथल्या कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न. कीड दक्षिण अमेरिकेतून आली असणार हे कळत होते, म्हणून शोध तिकडे सुरू झाला. उत्तर भागात हुबेहूब तसाच ढेकूण सापडला, त्याचे परोपजीवी कीटकही मिळाले. पण ते आफ्रिकेतल्या ढेकणाला लागू पडेनात. बारकाईने पाहिल्यावर उलगडले, की ही जातच वेगळी. तिला स्वतंत्र नाव द्यावे लागले. शोध पुन्हा सुरू झाला आणि १९८१ मध्ये कोलंबियातल्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राचे अँथनी बेलोटी यांना खरी जात पॅराग्वेत सापडली. तिचा परोपजीवी, अनॅगायरस लोपेझी, लंडनमध्ये क्वारंटाइनमधून पार करून नायजेरियाला गेला. हा सारा कार्यक्रम चालवणारे स्विस शास्त्रज्ञ हान्स हेरेन. त्यांनी तर विमानातून हे कीटक सोडायची यंत्रणा उभी केली, म्हणजे वैमानिक आणि यांत्रिकी अभियंतेही कीड नियंत्रणात आले. १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना या कामासाठी मिळाला. पण पहिल्या टप्प्यात गेलेला वेळ एका चुकलेल्या ओळखीचा होता, आणि त्या काळात शेतकऱ्यांची शेते जात होती.

मेक्सिकोपासून बेंगळुरूपर्यंत

पपईच्या ढेकणाबाबत ही चूक झाली नाही. नाव माहीत, मूळ प्रदेश माहीत. १९९९ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने पोर्तो रिको आणि डोमिनिकन रिपब्लिक यांच्यासोबत काम सुरू केले. मेक्सिकोत जाऊन ढेकूण गोळा केले, त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या गांधीलमाश्या वेगळ्या केल्या. यातल्या काही माश्या शास्त्रालाच नव्या होत्या. असेरोफॅगस पपयी हे नाव २००३ मध्ये लंडनचे जॉन नॉयस आणि अमेरिकेचे मायकेल शॉफ यांनी दिले. माशीने त्याआधीच काम सुरू केले होते, कागदोपत्री नाव मागून आले! पोर्तो रिकोत ढेकणांची संख्या ९७ टक्क्यांनी आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याची नोंद आहे.

पोर्तो रिकोतल्या प्रयोगशाळेत या माश्या सतत वाढवल्या जात होत्या, हे पुढे आपल्या उपयोगी पडले. माशी वाढवायची तर आधी ढेकूण वाढवावा लागतो आणि ढेकूण वाढवायला अंकुर फुटलेले बटाटे लागतात. बटाट्यावर अंकुर, अंकुरावर ढेकूण, ढेकणात माशी. यातला एक टप्पा आठवडाभर चुकला तरी पुढचे सगळे कोलमडते. हे काम शोधनिबंधात चार ओळींत येते. प्रत्यक्षात रोज सकाळी ट्रे तपासणारी, खोलीचे तापमान सांभाळणारी माणसे ते करत असतात.

श्रीलंकेने २००९ मध्ये या माश्या नेल्या. जुलै २०१० मध्ये भारताच्या वाट्याला तीन जाती आल्या, असेरोफॅगस पपयी, स्यूडलेप्टोमॅस्टिक्स मेक्सिकाना आणि अनॅगायरस लोएकी. अमेरिकेच्या कृषी विभागाने त्या पाठवल्या आणि बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी उपयोगी कीटक संस्थेने, जिला आज आपण एनबीएआयआर म्हणून ओळखतो, त्या स्वीकारल्या.

आता प्रश्न येतो, की २००८ मध्ये कीड सापडली आणि माशी यायला दोन वर्षे का लागली? शेतकऱ्याच्या जागी उभे राहिले तर हा राग योग्यच वाटतो, आणि मलाही वाटते, की हे लवकर होऊ शकले असते. पण परवान्याचा आणि क्वारंटाइनचा टप्पा मात्र गाळता येत नाही. परदेशी जिवंत कीटक आणायचा तर केंद्र सरकारच्या पीक संरक्षण सल्लागारांची परवानगी लागते. आल्यावर बंदिस्त प्रयोगशाळेत त्याची पिढी वाढवून पाहतात. सोबत दुसरा कुठला कीटक आला आहे का? आणलेल्या माशीलाच मारणारी माशी तर त्यात नाही? ती आपल्या उपयोगी कीटकांवर जाणार नाही ना? हे पाहिल्याशिवाय ती खोलीबाहेर पडत नाही.

हा टप्पा गाळला तर काय होते ते ऑस्ट्रेलियाच्या ऊस शेतकऱ्यांना विचारा. उसातल्या हुमणीच्या भुंगेऱ्यांना खाईल म्हणून १९३५ मध्ये तिथे अमेरिका खंडातली मोठी बेडकाची जात आणली. तिने भुंगेरे काही संपवले नाहीत. स्वतःच मात्र इतकी वाढली, की आजही त्या देशाची मोठी डोकेदुखी आहे. तिच्या अंगातल्या विषाने तिला खाणारे तिथले प्राणी मरतात. दुसऱ्या देशातून जीव आणणे ही घाईने करायची गोष्ट नव्हे, आणि खासगीत, बॅगेतून तर कधीच नव्हे.

ऑक्टोबर २०१० पासून माश्या शेतात सोडायला सुरुवात झाली. तिन्हींत असेरोफॅगस सर्वांत सरस ठरली. ती ढेकणाच्या लहान अवस्थेत, विशेषतः दुसऱ्या अवस्थेतल्या पिल्लात अंडे घालते. आतली अळी ढेकूण पोखरून खाते, वरचे कवच तपकिरी टणक होते. त्याला आपण ममी म्हणतो. अंड्यापासून माशी बाहेर पडेपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. ढेकूण मोठा होऊन अंडी घालण्याआधीच संपत असल्याने पुढची पिढी थांबते. २०११ सरेपर्यंत तमिळनाडूतली साथ ओसरली होती.

पुढे कृषी अर्थशास्त्रज्ञांनीही हात लावला. व्हर्जिनिया टेकच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या एका कामाचा भारताला पाच वर्षांत झालेला फायदा ५२ कोटी ते १३४ कोटी डॉलरच्या दरम्यान काढला. गांधीलमाशीच्या नावाने बिल फाडता येत नाही, म्हणून कोणीतरी हिशेब मांडणे गरजेचे होते. पुढच्या वेळी प्रवासखर्चाची फाइल मंजूर करणाऱ्यासमोर तोच आकडा ठेवावा लागतो.

सर्वांत अवघड काम: पंप खाली ठेवायला लावणे

लंडन, मेक्सिको, पोर्तो रिको, बेंगळुरू इथपर्यंत सगळे नीट झाले तरी शेवटचे शंभर मीटर बाकी राहतात. माशी सोडलेल्या बागेत त्याच आठवड्यात कीटकनाशक पडले, तर इतक्या माणसांचे इतक्या वर्षांचे काम एका टाकीत संपते. इथे कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे, रेशीम विभागाचे कर्मचारी कामाला लागले. डोळ्यांना जेमतेम दिसणारी माशी दाखवून ‘आता तीन आठवडे काही करू नका’ हे सांगणे म्हणजे काय, ते विस्तार कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. बागेत पांढरे दिसतेय, शेजारी फवारतोय, दुकानदार नवीन औषध दाखवतोय, आणि तुम्ही म्हणता थांबा!

मी स्वतः यासाठी एक युक्ती वापरू लागले. ममी असलेले पान काचेच्या पारदर्शक बाटलीत ठेवायचे, तोंडाला बारीक मलमल बांधायची आणि बाटली शेतकऱ्याच्या घरात खिडकीजवळ ठेवायची, उन्हात नाही. काही दिवसांत काचेवर बारीक पिवळसर ठिपके चालताना दिसतात. घरातली मुले आधी पाहतात. त्यानंतर फवारणीबद्दल माझ्याशी वाद घालणारा शेतकरी मला क्वचितच भेटला. माझ्या सांगण्याने जे झाले नाही ते बाटलीने केले. दुसऱ्या दिवशी मलमल सोडून बाटली बागेत ठेवून द्यायची.

इथे एक शंका नेहमी येते. २००६-०७ च्या सुमारास कापसावर पिठ्या ढेकणाची मोठी साथ आली होती, ती तर कोणी परदेशातून काही न आणता आटोक्यात आली. खरे आहे. त्या ढेकणाचा परोपजीवी, एनासियस, कोणी न आणता शेतात सापडला. असे नशीब कधी लाभते. पण त्यालाही ओळखून ‘हा मित्र आहे, याला मारू नका’ असे सांगायला माणूस लागलाच. आणि दर वेळी शत्रू मागोमाग येईलच या भरवशावर बाग लावता येत नाही.

देणेघेणे एकतर्फी नाही, हेही सांगायला हवे. ज्वारी-मक्यावरचा आपला खोडकिडा मूळ आशियातला. तो आफ्रिकेत गेला आणि तिथल्या मका शेतकऱ्यांना छळू लागला. त्याच्यावरची कोटेशिया ही परोपजीवी माशी पाकिस्तानातून केनियात नेऊन १९९३ मध्ये सोडली गेली. आपल्या भागातल्या कीटकांची नीट नोंद कोणी करून ठेवली असेल, तरच दुसऱ्याला असे काही देता येते.

आज बागेत काय करावे?

रोपे घेताना शेंडा आणि पानामागचा भाग पाहूनच घ्या. ढेकूण असलेले एक रोपही ट्रेमध्ये दिसले तर पूर्ण ट्रे नाकारा. बागेभोवतीचे गाजरगवत आणि जास्वंदाची झुडपे नजरेखाली ठेवा. प्रादुर्भाव बहुतेक कडेच्या झाडांपासून सुरू होतो, म्हणून आठवड्यातून एकदा बांधालगतच्या ओळी पाहा.

मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका. चिकट गोड द्रवासाठी मुंग्या ढेकणांची राखण करतात आणि गांधीलमाशीला अंडे घालू देत नाहीत. बागेतली वारुळे शोधून तिथेच बंदोबस्त करा. त्यासाठी अख्ख्या झाडावर फवारणी करायची गरज नसते.

सुरुवातीच्या एखाद-दुसऱ्या झाडावर कीड असेल तर पाण्याचा जोराचा फवारा मारून थर धुऊन काढा. खूप भरलेली पाने-फळे काढताना मात्र थेट जाळू नका, आधी भिंगाने पाहा. ममी दिसत असतील तर ती पाने वर सांगितल्याप्रमाणे मलमल बांधलेल्या डब्यात ठेवून माश्या बाहेर पडू द्या आणि मग नष्ट करा. ममी अजिबात दिसत नसतील आणि कीड वाढत असेल, तर हवेत आर्द्रता असताना संध्याकाळी लेकॅनिसिलियम लेकॅनी या बुरशीजन्य कीटकनाशकाची ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारणी घ्या. रासायनिक औषधाचा विचार शेवटी, पपईसाठी लेबल क्लेम असेल तरच आणि फक्त बाधित झाडांपुरता.

पांढऱ्या थरात मळकट हिरवट-करडी, ढेकणांची पावडर अंगावर घेतलेली अळी दिसली तर तीही मारू नका. ती स्पॅल्जिस नावाच्या आपल्याकडच्याच फुलपाखराची अळी आहे, ढेकूण खाऊन जगते. तिचा कोष पुढून पाहिला तर थेट माकडाचे तोंड! मुलांना जरूर दाखवा.

नवीन काही दिसले तर

पपईची ही शेवटची परदेशी कीड नाही, आणि पपई हे एकच पीकही नाही. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. आफ्रिकेत हाहाकार माजवणारा तो कसावाचा ढेकूण २०२० मध्ये केरळात सापडला. या वेळी नाव लगेच ठरले, शत्रू कोण तेही ठाऊक होते. २०२१ मध्ये आफ्रिकेतल्या बेनिन देशातून तीच अनॅगायरस लोपेझी माशी बेंगळुरूला आली आणि २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या सेलम भागात सोडली गेली. आपल्या उपवासाचा साबुदाणा ज्या टॅपिओकापासून होतो, त्याचे ते मोठे केंद्र. पॅराग्वेतली माशी नायजेरियामार्गे सेलमला पोचायला चाळीस वर्षे लागली, पण कीड आल्यावर मात्र दोनच.

या साखळीची पहिली कडी शेतात आहे. कोइमतूरला पहिला ढेकूण ज्या कोणी वेगळा म्हणून ओळखला, त्याच्याशिवाय पुढचे काहीच हलले नसते. म्हणून पिकावर अनोळखी कीड दिसली तर फवारणीआधी नमुना घ्या. औषधाच्या दुकानात सर्जिकल स्पिरिट मिळते. लहान झाकणाच्या बाटलीत ते भरून पंधरा-वीस कीटक त्यात ठेवा, मोठे आणि लहान दोन्ही. चिठ्ठीवर पीक, वाण, गाव, तालुका, तारीख, झाडाच्या कोणत्या भागावर सापडले आणि आधी कोणती फवारणी झाली ते लिहून चिठ्ठी बाटलीतच टाका. ती पेन्सिलने लिहा, पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. मोबाइलवर जवळून तीन-चार फोटो काढा, एक पूर्ण झाडाचा. शिवाय काही बाधित पाने कागदी पिशवीत वेगळी द्या, कारण त्यात परोपजीवी असेल तर तो जिवंत नमुन्यातूनच बाहेर पडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाने घामेजून सडतात. बाटली आणि पिशवी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात पोचवा. कृषी सहायकांनी नमुना दिल्याची पोच मागून घ्यावी आणि पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर पुन्हा फोन करावा. वहीतला ‘जात’ हा रकाना भरेपर्यंत.